पहिलीच्या मुलांना रात्रीचे प्राणी वाचायला कसे द्यावेत?

अक्षरवेल (चोपडा)

नमस्कार. मी सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात पहिलीच्या वर्गाला शिकवते. वर्गात एकवीस मुले आहेत. बहुतेकांच्या घरी अहिराणी बोलली जाते, चार मुले पावरा आदिवासी घरांतली आहेत, आणि पुस्तकातली मराठी या सर्वांनाच थोडी परकी वाटते. दिवाळीनंतर मुले काना, वेलांटी, मात्रा ओळखू लागली की मी दरवर्षी एक विषय धरून त्याभोवती लहान वाचनपाठ तयार करते. गेल्या वर्षी आठवडी बाजार घेतला होता.

यंदाचा विषय मुलांनीच दिला. परवा एका मुलीने सांगितले की रात्री पाणी द्यायला गेलेल्या तिच्या वडिलांना केळीच्या बागेत साळिंदर दिसले. त्यावर वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाकडून रात्रीची एक गोष्ट निघाली. कुणाच्या कौलांवर रोज पावले वाजतात, कुणाच्या गोठ्याबाहेर कोल्हे ओरडतात, कुणाच्या चिंचेवर पिंगळ्यांची, म्हणजे लहान घुबडांची, जोडी राहते. वाचनाच्या तासाला जी दोन-तीन मुले तोंडही उघडत नाहीत, तीसुद्धा त्या दिवशी बोलत होती. म्हणून यंदा रात्रीचे प्राणी हाच विषय घ्यावा, असे मी ठरवत आहे.

अडचणी तीन आहेत. पहिली म्हणजे हाताशी असलेल्या चित्रपुस्तकांत रात्रीचे प्राणी म्हणून रॅकून, स्कंक आणि बॅजर भेटतात, आणि ते आमच्या शिवारात नाहीत. दुसरी भीतीची. घुबड अशुभ, टिटवी ओरडली की गावात कुणीतरी जाणार, हे मुलांनी घरी ऐकलेले असते. तिसरी अडचण शब्दांची आहे. वटवाघूळ, उदमांजर, बिबट्या हे शब्द नुकत्याच वाचू लागलेल्या मुलासमोर कोणत्या क्रमाने ठेवावेत? ज्यांनी घरी किंवा शाळेत असे काही केले असेल, त्यांनी अनुभव लिहावेत.

केळीबाग (रावेर)

ताई, विषय उत्तम आहे. आम्हा शेतकऱ्यांना शेतीपंपाची वीज बऱ्याचदा रात्रीच्या पाळीत मिळते, त्यामुळे खान्देशातल्या कितीतरी मुलांचे वडील रात्री शिवारात असतात. ते सकाळी घरी येऊन काय सांगतात, हाच तुमचा पहिला पाठ समजा. माझी मुलगी पहिलीत आहे. रोज सकाळी तिचा पहिला प्रश्न असतो, "पप्पा, आज कोणाचे डोळे दिसले?" बॅटरीच्या उजेडात डोळे चमकतात, एवढेच मी तिला सांगितले होते. ते का चमकतात, हे मात्र मला नीट सांगता आले नाही.

वाचनवाट (धुळे)

मी छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालो आहे. विषयाला माझा विरोध नाही, परंतु एक शंका स्पष्टपणे मांडतो. वाचायला शिकणे आणि परिसराची माहिती मिळवणे ही दोन वेगळी कामे आहेत. जे मूल अजून 'घ' आणि 'ध' यांत अडखळते, त्याला समोर दिसणाऱ्या वस्तूचा शब्द हवा असतो. गाय, नळ, ताट, बादली हे शब्द वाचले की मूल लगेच मान वळवून त्या वस्तूकडे पाहते, आणि वाचलेले बरोबर आले की नाही हे त्याचे त्यालाच कळते. रात्री झाडाच्या ढोलीतून निघणारे पाखरू त्याने पाहिलेले असेलच असे नाही. मग ते अक्षरे सोडून चित्रावरून अंदाज बांधू लागते, आणि ही सवय पुढे मोडता मोडत नाही.

तरीही विषय घ्यायचाच असेल, तर शब्दांचा क्रम प्राण्यांच्या महत्त्वावरून न लावता अक्षरांवरून लावावा. 'तरस' हा शब्द पाहा. त्याला काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, नुसती तीन अक्षरे आहेत. 'कमळ' आणि 'बदक' वाचणारे मूल पहिल्याच दिवशी 'तरस' वाचू शकते. त्यानंतर फक्त काना असलेले शब्द घ्यावेत: ससा, पाल, काजवा, रातवा. एवढ्यावर पूर्ण वाक्ये तयार होतात. 'ससा गवतात. पाल दारावर. काजवा झाडावर. रातवा रानात.' मग घुबड, मग अनुस्वाराचे उंदीर, पिंगळा, विंचू, पतंग. कोल्हा, मण्यार, बिबट्या यांत जोडाक्षरे आहेत, म्हणून ते अगदी शेवटी.

अक्षरवेल (चोपडा)

सर, 'तरस' माझ्या लक्षातच आला नव्हता. मनापासून आभार. आपल्या शंकेवर मात्र थोडा विचार करून लिहीन.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

रातवा म्हणजे नक्की कोण? मी चाळीस वर्षांची आहे आणि हा शब्द आज पहिल्यांदा वाचला.

रानवाटा (शहादा)

रातवा आपण सर्वांनी पाहिलेला आहे, फक्त त्याचे नाव माहीत नसते. रात्री मोटारसायकलवरून कच्च्या रस्त्याने जाताना पुढे जमिनीवर दोन तांबूस निखारे दिसतात आणि अगदी जवळ गेल्यावर एक पक्षी आवाज न करता उडून जातो, तोच रातवा. तो वाळलेल्या पानांच्या रंगाचा असतो, दिवसा जमिनीवर निपचित बसतो आणि रात्री उडते किडे धरून खातो.

डोळे का चमकतात, हे केळीबाग भाऊंनी विचारले आहे. रात्री फिरणाऱ्या बऱ्याच प्राण्यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलाच्या मागे आरशासारखा एक थर असतो. आत शिरलेला उजेड त्यावर आपटून परत फिरतो, त्यामुळे थोड्या उजेडाचा डोळ्याला दोनदा उपयोग होतो. गायीच्या आणि बकरीच्या डोळ्यांतही असा थर असतो, माणसाच्या डोळ्यांत नसतो. म्हणजे वाचनवाट सरांना हवी असलेली पडताळणी गोठ्यातच करता येईल. मुलाने 'गायीचे डोळे चमकतात' हे वाक्य वाचावे आणि रात्री वडिलांबरोबर गोठ्यात जाऊन पाहावे. बॅटरी मात्र क्षणभरच दाखवावी, जनावराच्या डोळ्यांवर रोखून धरू नये.

आता घुबडाबद्दल. आमच्या शहाद्याचे नाव जगभरातल्या पक्षी अभ्यासकांना एका घुबडामुळेच माहीत आहे. रानपिंगळा हा छोटा पक्षी १८७३ साली शास्त्रीय नोंदीत आला, १८८४ नंतर त्याचा एकही खात्रीचा पुरावा मिळाला नाही, आणि तो नामशेष झाला असेच मानले जाऊ लागले. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे तिघे त्याला शोधत आले, आणि शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या जंगलात तो त्यांना झाडावर बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी! नंतर तो यावल अभयारण्यातही आढळला आणि मेळघाटातही.

शिकवणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. हा रानपिंगळा बराचसा दिवसा शिकार करतो. 'सगळी घुबडे रात्रीच जागतात' असे वाक्य पाठात घातले, तर ते आपल्याच जिल्ह्यातल्या घुबडाच्या बाबतीत चुकीचे ठरेल.

केळीबाग (रावेर)

हे वाचून अंगावर काटा आला. काल रात्री आमच्या गायीचे डोळे मुलीला दाखवले. ते हिरवट चमकले. मग तिने आरशात स्वतःच्या डोळ्यांवर बॅटरी धरायचा हट्ट केला, तेव्हा ती मी काढून घेतली आणि माणसाचे डोळे का चमकत नाहीत ते तुम्ही लिहिल्याप्रमाणे सांगितले.

सांजवात (जळगाव)

मला भीतीच्या मुद्द्यावर लिहायचे आहे. माझ्या मुलाला बालवाडीत 'निशाचर प्राणी' असे शीर्षक असलेले चित्र रंगवायला दिले होते. त्याची आजी रोज रात्री त्याला रामायणातल्या गोष्टी सांगते आणि त्या गोष्टींत निशाचर म्हणजे राक्षस. मुलाने घुबडाला दात काढले, हातात तलवार दिली आणि पुढचे चार दिवस तो एकटा न्हाणीघरात जाईना. चूक आजीची नव्हती आणि शाळेचीही नव्हती. 'निशा' म्हणजे रात्र आणि 'चर' म्हणजे फिरणारा, हा अर्थ मोठ्यांना ठाऊक असतो, मुलाला नसतो. म्हणून लहान वयात 'रात्री जागणारे प्राणी' असेच म्हणावे असे मला वाटते.

दुसरे असे की 'झोप, नाहीतर तरस येईल' असे आपणच म्हणतो आणि नंतर तरसाबद्दल प्रेमाने वाचून दाखवतो. या दोन्ही गोष्टी एका तोंडाने करता येत नाहीत. पहिली सोडावी लागते. आमच्या घरी मी सोडली. सासूबाईंना समजावून सांगायला मात्र महिना गेला.

वाचनवाट (धुळे)

सांजवात ताईंच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. फक्त दुसरीच्या अखेरीस 'निशाचर' हा शब्द मुलांना जरूर द्यावा. 'निशा' आणि 'चर' असे तुकडे सापडले, की 'जलचर' आणि 'उभयचर' हे शब्द पुढच्या इयत्तेत मुले आपसूक उलगडतात.

पांझराकाठ (साक्री)

आमच्याकडे घुबडाची भीती जाण्याचे कारण उंदीर ठरले. आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाने पिल्ले घातली होती. पिल्ले सापासारखा फुत्कार टाकत, त्यामुळे वर नाग आहे असे समजून महिनाभर कुणी माळ्यावर गेले नाही. शेवटी माझ्या भावाने शिडी लावून पाहिले, तर बदामाच्या आकाराच्या पांढऱ्या चेहऱ्याची चार पिल्ले ओळीने उभी होती. खाली जमिनीवर घुबडांनी ओकून टाकलेल्या काळ्या गोळ्या पडल्या होत्या. काठीने एक गोळी फोडली, तर आत केस, बारीक हाडे आणि उंदराच्या अख्ख्या कवट्या निघाल्या. त्या वर्षी कणगीतल्या ज्वारीची नासाडी का कमी झाली, हे वडिलांना तेव्हा उमगले. त्यांनीच मग गावात सांगायला सुरुवात केली की हा पक्षी आपल्या धान्याची राखण करतो, आणि लक्ष्मीचे वाहन त्याला उगीच म्हटलेले नाही.

घुबड मान एवढी कशी वळवते, हेही मुलांना करून दाखवता येते. घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून त्याला सगळी मानच फिरवावी लागते. आपल्या मानेत सात मणके असतात, घुबडाच्या मानेत चौदा. मुलांना सांगावे की बुबुळे अजिबात न हलवता मागच्या भिंतीवरचा शब्द वाचा. सगळी मुले माना वळवतात, अडकतात आणि मग पाठातले 'घुबड मान वळवते' हे वाक्य त्यांना समजावून सांगावे लागत नाही.

वैद्यकी (भुसावळ)

मी डॉक्टर आहे, म्हणून एका गोष्टीची आठवण करून देणे मला माझे काम वाटते. या विषयाचे प्रेम मुलांना अंधारात एकटे बाहेर घेऊन जाईल, असे होऊ देऊ नका. मण्यार रात्रीच फिरते, घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावल्याची वेदना इतकी कमी असते की कित्येकदा झोपमोडही होत नाही, आणि म्हणूनच ती फार धोक्याची आहे. शंका आली तरी ताबडतोब रुग्णालयात जावे, झाडपाल्यात वेळ घालवू नये. मुलांना खाटेवर आणि मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपवावे. बूट घालण्यापूर्वी झटकावेत, कारण विंचू आत बसतो. जमिनीवर पडलेल्या वटवाघळाला हात लावू नये आणि पक्ष्यांनी वा वटवाघळांनी अर्धवट खाल्लेले फळ मुलांनी खाऊ नये. हीच वाक्ये लहान करून पाठात घालता येतील. 'बूट झटक' हे वाक्य पहिलीच्या मुलाला वाचता येईल आणि जन्मभर उपयोगी पडेल.

अक्षरवेल (चोपडा)

डॉक्टर, 'बूट झटक' उद्याच फळ्यावर येईल.

वाचनवाट सर, आता आपल्या शंकेबद्दल. मूल चित्रावरून अंदाज बांधते, हे मी रोज पाहते. पण आमच्या मुलांची अडचण थोडी उलटी आहे. 'बादली' आणि 'ताट' त्यांच्यासमोर असतात, तरी त्यांविषयी त्यांना सांगण्यासारखे काही नसते, म्हणून वाचण्यातही जीव नसतो. साळिंदराविषयी मात्र प्रत्येकाला काही तरी सांगायचे असते. मूल जे आधीच तोंडाने बोलले आहे तेच कागदावर लिहून समोर ठेवले, तर अंदाजाला जागा कमी उरते, कारण एखादा शब्द चुकला की 'मी असे म्हटलेच नव्हते' असे त्याला स्वतःला जाणवते. सोमवारी हा प्रयोग करणार आहे.

बोलीवेडा (अमळनेर)

एक महत्त्वाची बाब अजून कुणी मांडलेली नाही. आपल्या बोलीत 'ळ' फारसा टिकत नाही, त्याचा 'य' होतो. डोळ्याला आपण डोया म्हणतो, केळीला केयी, आणि जळगावला निघालेला माणूस जयगावला निघतो. आता या विषयातले शब्द पाहा. पिंगळा, साळिंदर, वटवाघूळ, डोळे, काळोख, या सर्वांत 'ळ' आहे. मूल तोंडाने 'पिंगया' म्हणते आणि कागदावर त्याला 'ळ' दिसतो. शिक्षकाने तिथे 'चूक' म्हटले, तर त्याच्या आजीचा शब्द चुकीचा ठरतो, आणि ते मूल पुढच्या वेळी गप्प बसते.

माझी सूचना अशी की दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. डावीकडे 'घरी : पिंगया', उजवीकडे 'पुस्तकात : पिंगळा'. मग मुलांनीच शोधावे की कोणते अक्षर बदलले. पाच-सहा शब्द झाले की मुले नियम स्वतःच सांगतात. आमच्या शाळेत एका मुलाने तर सहाव्या शब्दाला 'गुरुजी, आता मी सांगतो' म्हणून 'धुये' आणि 'धुळे' लिहून दाखवले. ज्या 'ळ'शी आमची मुले चौथीपर्यंत झगडतात, तो त्या आठवड्यात पहिलीत सुटला.

वाचनवाट (धुळे)

हे मी नोकरीत असताना कुणी सांगितले असते, तर किती मुलांना निष्कारण दुरुस्त करणे मी टाळले असते. फार मोलाची सूचना आहे.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

पावरा घरांतल्या मुलांसाठीही तिसरा रकाना ठेवावा. त्यांच्या भाषेतला शब्द बाईंनाच मुलांकडून शिकावा लागेल, आणि ते मुलांना फार आवडते.

वटवाघळाविषयी एक गंमत सांगते. माझ्या भाच्याने तो शब्द बोट ठेवून वाचला आणि मोठ्याने म्हणाला, "यात वाघ लपला आहे!" खरेच की! उदमांजर आणि खवले मांजर ही मांजरे नव्हेत, आणि वटवाघळात वाघ नाही. पाटणादेवीकडच्या लेण्यांत वटवाघळे पाहिल्यापासून तो दिसेल त्याला विचारतो की वाघ नाही, तर नावात का आहे. तसेच, ती आंधळी असतात आणि कानांनी पाहतात, असे मी त्याला सांगितले आहे.

रानवाटा (शहादा)

यातले शेवटचे वाक्य दुरुस्त करावे लागेल. कोणतेही वटवाघूळ आंधळे नसते. लेण्यांत राहणारी बरीचशी लहान वटवाघळे किडे खातात. ती आपल्या कानांना ऐकू न येणारा बारीक आवाज काढतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून अंधारात वाट काढतात. वडा-पिंपळावर उलटी लटकणारी मोठी वटवाघळे फळे खातात आणि ती डोळ्यांनी आणि वासाने वाट शोधतात. या मोठ्या वटवाघळाचे पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी सव्वा मीटरच्या आसपास भरते. ती खडूने वर्गातल्या फरशीवर काढावी आणि मुलांना तिच्यावर आडवे झोपायला सांगावे. पहिलीचे बहुतेक मूल त्या रेषेपेक्षा आखूड भरते.

दुसरीसाठी याच शब्दात व्याकरणही आहे. एक वटवाघूळ आणि अनेक वटवाघळे. 'घू' चा 'घ' झाला, मग ऊकार कुठे गेला, हे मुलांना शोधू द्यावे.

केळीबाग (रावेर)

वटवाघळे केळी खातात म्हणून आमच्याकडे काही जण फटाके वाजवतात. वास्तविक आमचा माल हिरवा असतानाच कापला जातो, त्यामुळे नुकसान होते ते झाडावर चुकून पिकलेल्या एखाद्या फणीचे. किडेखाऊ वटवाघळे आमचीच चाकरी करतात, हे मला इथे समजले.

कापसाच्या गावांतल्या मुलांसाठी आणखी एक प्राणी सुचवतो. गुलाबी बोंडअळीचा पतंग रात्रीच उडतो. शेतात लावलेल्या कामगंध सापळ्याच्या (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्याच्या) पिशवीत सकाळी जे बारीक करडे पतंग सापडतात, ते मुलांनी मोजावेत आणि वहीत आकडा लिहावा. संक्रांतीला उडवायचा तो पतंग आणि हाही पतंग, शब्द एकच, हेही त्यांना कळेल.

पांझराकाठ (साक्री)

काजव्याचे वाक्य आत्ता घेऊ नये, असे वाटते. काजवे पावसाळ्याच्या तोंडाशी दिसतात, थंडीत मूल कुठे पाहणार? उलट पिंगळ्यांची वीण हिवाळ्यात सुरू होते, त्यामुळे संध्याकाळी त्यांची भांडणे हमखास ऐकू येतात. हातात पाटी घेऊन चिंचेखाली उभे राहावे, एवढेच करायचे.

मातीचा फळा (शिरपूर)

मी धागा शांतपणे वाचत होतो, आता एक युक्ती सांगतो. आम्ही ती आमच्या शाळेत दोन वर्षे केली. पाण्याच्या टाकीजवळ, निंबाखाली, एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागा साफ करून तिच्यावर चाळलेली बारीक माती बोटभर जाडीने पसरायची. शाळा सुटताना माती फळीने सपाट करायची आणि सकाळी प्रार्थनेआधी मुलांनी येऊन पाहायचे. रात्री जो येतो तो त्या मातीवर लिहून जातो.

पहिला धडा कुत्रा आणि मांजर यांचा. कुत्र्याच्या ठशात बोटांपुढे नखांचे टिंब दिसतात. मांजर चालताना नखे आत ओढून घेते, म्हणून टिंब दिसत नाहीत. एवढा बारीक फरक पाहायची सवय ज्या डोळ्यांना लागते, त्यांना 'घ' आणि 'ध' यांतला फरकही दिसू लागतो. निदान आमच्या चार मुलांच्या बाबतीत तसे झाले. मग उंदराची शेपटी ओढल्याची रेघ, बेडकाची उडी, मुंगसाची धावपळ. एकदा मोठा, लांबट तळवा असलेला ठसा मिळाला आणि त्याच्या मागेपुढे काड्यांनी ओढल्यासारख्या रेघा होत्या. वनखात्याच्या माणसाने पाहून सांगितले की साळिंदर असावे, त्या रेघा त्याच्या काट्यांच्या आहेत. साळिंदर काटे फेकून मारते, ही समजूत त्यांनीच मोडून काढली. काटे म्हणजे जाड झालेले केस आहेत, ते सैल असल्यामुळे टोचले की तिथेच राहतात. चिडले की साळिंदर शेपटी खुळखुळवते आणि मागे सरकत अंगावर येते.

यात वाचनवाट सरांना हवे आहे ते सारे मिळते. प्राणी समोर नसतो, पण त्याची खूण समोर असते, आणि मुलाला ती खूण पाहून शब्द शोधावा लागतो. एक पथ्य मात्र पाळावे. पिसे, काटे, हाडे गोळा करून वर्गात मांडू नयेत. वन्यप्राण्यांचे अवयव बाळगण्यावर १९७२ च्या कायद्याचे निर्बंध आहेत. ठशाचे चित्र वहीत काढावे, तेवढे पुरेसे आहे.

वाचनवाट (धुळे)

माझी शंका मी मागे घेतो. मातीवरची खूण आणि पाटीवरचे अक्षर यांत मला आता अंतर दिसत नाही. निवृत्त नसतो, तर उद्याच चाळणी घेऊन निघालो असतो. आमच्या सोसायटीच्या मागे मोकळी जागा आहे आणि नातू साडेपाच वर्षांचा आहे, तेव्हा निघतोच.

अक्षरवेल (चोपडा)

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. सर्वांच्या सूचना वापरल्या. काय जमले आणि काय जमले नाही, ते सांगते.

'तरस' हा शब्द पहिल्याच दिवशी एकवीसपैकी अठरा मुलांनी वाचला. पण तरस म्हणजे काय, हे फक्त पाच जणांना माहीत होते, म्हणून सरांचा मूळ मुद्दा अगदी खोटा नव्हता. मग ज्या पाच जणांना ठाऊक होते त्यांनीच इतरांना सांगितले की तो मेलेली जनावरे खातो, माणसाला टाळतो आणि त्याच्या मानेवर ताठ केस असतात. त्यांच्याच शब्दांत चार वाक्ये लिहिली आणि ती सर्वांनी वाचली.

'घरी' आणि 'पुस्तकात' असे रकाने केले, आणि तिसरा रकाना 'पाड्यावर' असा ठेवला. पावरा मुलांपैकी एक मुलगा जूनपासून वर्गात जवळजवळ बोललाच नव्हता. तिसऱ्या रकान्यासाठी शब्द द्यायला तो फळ्यापाशी आला, त्याने सांगितलेला शब्द मी दोनदा चुकीचा उच्चारला, त्याने दोन्ही वेळा मला दुरुस्त केले, आणि तिसऱ्यांदा मी बरोबर म्हटल्यावर तो हसला. त्यानंतर त्याने शेजारच्या रकान्यातला 'घुबड' बोट ठेवून वाचला.

मातीचा फळा पहिले दोन दिवस फसला, कारण गावातल्या कोंबड्या पहाटेच येऊन सगळे विस्कटत. आता शाळेत झोपणारे शिपाई दादा सूर्योदयाआधी त्यावर टोपले झाकतात. आतापर्यंत कुत्रा, मांजर, उंदीर, मुंगूस आणि एक अनोळखी ठसा मिळाला. अनोळखी ठशाला पाच बोटे आहेत, नखे किंचित दिसतात, आणि तो लहान मांजराएवढा आहे. मुलांनी त्याखाली 'कोण?' असे लिहून ठेवले आहे.

भीतीबाबत एवढेच सांगते की दोन पालक येऊन म्हणाले, घुबडाचे चित्र वर्गात लावू नका. मी त्यांना पांझराकाठ यांची उंदरांच्या कवट्यांची हकीकत सांगितली. एकांना पटले, दुसऱ्यांना पटले नाही. दुसऱ्यांच्या मुलाला मी पिंगळ्याऐवजी सशाचा पाठ दिला. ससाही रात्रीच चरतो.

मातीचा फळा (शिरपूर)

पाच बोटे आणि मांजराएवढा आकार म्हणजे उदमांजर असण्याची शक्यता आहे. शाळेजवळ जुनी चिंच किंवा पडके घर आहे का? ठशाशेजारी पट्टी ठेवून मुलांना लांबी-रुंदी मोजू द्या आणि आकडे इथे लिहा.

अक्षरवेल (चोपडा)

चिंच आहे, आणि शाळेच्या जुन्या खोलीचे कौल फुटलेले आहे. उद्या मोजून लिहिते.

केळीबाग (रावेर)

आज रात्री माझी पाण्याची पाळी आहे. मुलीने मला एक कागद दिला आहे. त्यावर तिने स्वतः नावे लिहिली आहेत आणि प्रत्येकापुढे चौकोन काढला आहे. जे दिसेल त्यावर मी खूण करायची आहे. ससा, कोल्हा, रातवा, घुबड बरोबर लिहिले आहेत. शेवटचे नाव 'सायिंदर' असे आहे. बोलीवेडा भाऊ, मी ते खोडले नाही. सकाळी दुसरा शब्द त्याच्या शेजारी तिच्याकडूनच लिहून घेईन.